बिनचिठ्ठीचा चाकू

१

दुकान उघडायच्या आधी काका भिंतीतली पेटी उघडत. हा क्रम तीस वर्षांत चुकला नव्हता. पेटी लाकडाची, वर चार बोटं रुंद फट, खाली छोटं दार आणि त्याला कुलूप. सकाळी कामावर जाणारी माणसं आपल्या सुऱ्या, कात्र्या वर्तमानपत्रात गुंडाळून, नावाची चिठ्ठी चिकटवून फटीतून आत सोडत. काका दिवसभर धार लावत आणि तयार माल संध्याकाळी खिडकीबाहेरच्या फळीवर मांडून ठेवत. ज्याचं त्याने उचलून न्यावं.

धार लागल्याची पावती म्हणजे कागदाची पट्टी. पातं तयार झालं की काका रद्दीचा एक कपटा हवेत धरून त्याने कापत आणि निघालेली पट्टी त्याच पात्याभोवती गुंडाळून देत. पट्टीची कड गुळगुळीत दिसली की गिऱ्हाईक मुकाट्याने निघून जाई. काकांचा हात सोन्याचा आणि जीभ करवतीची, असं शेजारचा किल्लीवाला म्हणायचा, तेही काकांना ऐकू जाईल अशा बेताने.

जिभेचा नमुना दुकानाच्या पाटीवरच होता. 'घडीचे स्वस्त चाकू धारेला घेतले जाणार नाहीत. वाद घालू नये.' काकांचं म्हणणं असं, की त्या चाकूंचं पातं मऊ असतं. धार पटकन लागते आणि तितक्याच पटकन जाते. दुसऱ्या दिवशी गिऱ्हाईक दारात हजर, काका, तुमचा हात काही पूर्वीसारखा राहिला नाही! दोन चहांच्या किमतीत मिळणाऱ्या वस्तूपायी आपलं नाव का घालवा?

त्या मंगळवारी पेटीत शिंपीणबाईंची कात्री होती, खाटकाचे दोन सुरे होते, आणि सगळ्यांच्या खाली एक घडीचा चाकू. नारिंगी प्लास्टिकची मूठ. कागद नाही, चिठ्ठी नाही. चाकू ओला होता. कात्रीच्या कागदालाही त्याची ओल लागली होती.

पाऊस जाऊन तीन महिने झाले होते.

काकांनी चाकू पुसला, पुटपुटत पाटीकडे बघितलं, 'घेत नाही' अशी चिठ्ठी लावली आणि तो फळीवर ठेवून दिला. संध्याकाळपर्यंत कुणीतरी तो नेला. बुधवारी सकाळी पेटीच्या तळाशी तोच चाकू होता. चिठ्ठी नव्हती आणि तो ओलाच होता. गुरुवारीही तेच.

२

नारिंगी मुठीचा चाकू काकांनी आधी एकदा हातात घेतला होता. तो त्यांच्या मुलाचा होता.

मुलगा नदी ओलांडणाऱ्या फेरीबोटीवर खलाशी होता. सव्वीस वर्षांचा, पुढचा एक दात अर्धा तुटलेला, हसला की आधी तो दिसायचा. धक्क्यावरच्या टपरीतून त्याने तो चाकू घेतला आणि घरी येऊन बापापुढे नाचवला.

"हा चाकू नाही, डब्याचं झाकण आहे," काका म्हणाले.

"असू दे ना बाबा. हातात बसतो, खिशात मावतो, एका हाताने उघडतो. आणि पाण्यात पडला तर रडत बसायला नको. तुमच्या त्या भारी चाकूला मी जपू, की बोटीला?"

पुढे चार महिन्यांनी तो बोथट झाला. मुलाला बापाचा नियम ठाऊक होता, म्हणून त्याने गंमत केली. सगळ्या गिऱ्हाइकांसारखा चाकू कागदात गुंडाळून पेटीत टाकला. चिठ्ठीवर लिहिलं होतं, 'गिऱ्हाईक गरीब आहे, पण ओळखीचं आहे. कृपा करावी.'

काकांना हसू आलं. त्यांनी ते किल्लीवाल्यालाही दाखवलं. मग चिठ्ठी खणात टाकली आणि चाकूला दुसरी लावली, 'नियम सगळ्यांना सारखा.' तो तसाच फळीवर ठेवला. संध्याकाळी मुलगा तो घेऊन गेला. जाताना काचेवर टकटक करून त्याने बापाला सलाम ठोकला होता.

चौथ्या दिवशी बोटीच्या पंख्यात दोर अडकला. निळा, नायलॉनचा, मनगटाएवढा जाड, कधीचा नदीच्या तळाशी पडलेला. मुलगा चाकू दातांत धरून पाण्यात उतरला. एकदा वर आला, म्हणाला, "धार नाही याला, वेळ लागेल." पुन्हा खाली गेला. पंखा सुटला, बोट हलली, मुलगा वर आला नाही. दोराचा फास पायात पडला असावा, असं बोटीवरचे लोक म्हणाले. पाणबुड्यांनी चार दिवस तळ चाचपला. गढूळ पाण्यात दोरही सापडला नाही आणि पोरही सापडलं नाही.

याला चौदा महिने होऊन गेले होते. 'धार नाही याला' हे शब्द काकांना कुणी सांगायला नको होते, पण सांगितले. त्यांनी ते काकूंना कधी सांगितले नाहीत, आणि काकूंना ते पहिल्या दिवसापासून माहीत होते.

३

शुक्रवारी चाकू पुन्हा आला तेव्हा काकांनी तो दिव्याखाली धरला. बिजागरीच्या फटीत निळे तंतू अडकले होते. मुठीवर दोन्ही बाजूंनी दातांचे व्रण होते. वरच्या बाजूला चार खळगे, त्यातला एक अर्धाच.

ते उठून किल्लीवाल्याकडे गेले. चाकू त्याच्यापुढे केला.

किल्लीवाल्याने तो बघितला, मग काकांचं तोंड बघितलं, आणि त्याचा चेष्टेचा सूर गेला. "काका, असल्या चाकूंचा धक्क्यावर ढीग पडलाय. निम्मे खलाशी हाच घेतात. आणि सगळेच तो दातांत धरतात."

"आणि निळा दोर?"

"दोर निळाच असतो हो. एखादा अडाणी बिचारा असेल, चिठ्ठी लिहिता येत नसेल. लावून टाका धार आणि मोकळे व्हा."

बोलणं अगदी रास्त होतं. काका ते घोकतच दुकानात परतले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी पाटीकडे पाठ करून घडीचा चाकू यंत्राच्या चाकावर धरला. मऊ पातं ठिणग्या उडवत झरझर झिजलं, धार लागली. कागद कापला, पट्टी गुंडाळली, चाकू फळीवर ठेवला.

शनिवारी तो पेटीत होता. ओला, आणि पुरता बोथट. धारेवर बोट फिरवलं तर त्वचेला जाणवेना. तीस वर्षांत काकांनी एका दिवसात एवढी मेलेली धार पाहिली नव्हती. भाजी चिरून असं होत नाही, लाकूड तासूनही होत नाही. कुणीतरी एकाच जागी, एकच चिवट वस्तू, न थांबता घासत होतं. बिजागरीत निळे तंतू जास्त झाले होते.

त्यांनी पुन्हा धार लावली, रविवारी पुन्हा, सोमवारी पुन्हा. दर वेळी चाक पातं थोडं थोडं खात होतं. मंगळवारी त्यांनी एक युक्ती केली. आपला स्वतःचा, सगळ्यांत उत्तम पोलादाचा चाकू पट्टी गुंडाळून नारिंगी चाकूशेजारी ठेवला. सकाळी नारिंगी चाकू पेटीत होता. उत्तम चाकू फळीवर होता तिथेच होता, कोरडा, पट्टीसुद्धा न उलगडलेला.

दुपारी धारेचे दगड भिजवायच्या कुंडीवर ते वाकले. कुंडी सिमेंटची, गुडघ्याएवढी उंच. पाणी स्थिर होतं. त्यात आवाज येत होता.

खस्, खस्, खस्. मग शांतता. खस्, खस्, खस्. मग शांतता.

नळ गळत असेल, म्हणून त्यांनी नळ आवळला. किल्लीवाल्याची कानस असेल, म्हणून बाहेर जाऊन पाहिलं, तर किल्लीवाला डबा खात बसला होता. काका परत आले आणि कुंडीच्या काठाला कान लावून जमिनीवर बसले. तीन ओढी, मग थांबणं. मुलगा दहा वर्षांचा असताना त्यांनीच हे त्याला शिकवलं होतं. तीन वेळा ओढायचं, थांबायचं, किती कापलं ते बोटाने बघायचं. घाई केली की पातं वाकतं.

४

त्यांनी काकूंना सांगितलं तेव्हा काकू कपडे घड्या करत होत्या. त्यांनी घडी पुरी केली, चाकू मागितला, मुठीवरच्या खळग्यांतून अंगठा फिरवला. अर्ध्या खळग्यापाशी अंगठा थांबला.

"जिन्यावरून पडला होता," त्या म्हणाल्या. "तुम्ही गावाला होतात तेव्हा. मी रात्रभर त्याचं तोंड धरून बसले होते."

दुसऱ्या सकाळपासून काकू दुकानात येऊ लागल्या. काका कुलूप काढत आणि त्या स्वतः पेटीत हात घालत. चाकू सापडला की त्यांच्या चेहऱ्यावर जे यायचं ते काकांनी चौदा महिन्यांत पाहिलं नव्हतं. त्या तो पदराने पुसत, दिवसभर मांडीवर ठेवत, त्याच्याशी हलक्या आवाजात बोलत. घरच्या गोष्टी, शेजारच्या गोष्टी, आवराआवर. संध्याकाळी धार लावायची वेळ झाली की त्यांच्या हातून तो सुटत नसे.

"पातं किती उरलंय?" एकदा त्यांनी विचारलं.

"आणखी एकदा, फार तर दोनदा चालेल. स्वस्तातलं आहे. संपेल."

"आणि तोवर दोर तुटला तर?"

काकांनी हातातला दगड पुसायला घेतला.

"तुटला तर मग तो चाकू कशाला आणून टाकेल?" काकू खाली बघत म्हणाल्या. "अहो, थोडा बोथटच ठेवा ना. झिजायचाही नाही. निदान रोज येतो तरी."

आई होती ती. काकांनी काय म्हणावं? आणि खरं सांगायचं तर त्यांनाही तेच हवं होतं, फक्त बोलायचा धीर काकूंना झाला. त्या संध्याकाळी त्यांनी चाकू नुसता पुसला, न कापताच फाडलेला एक कागद त्याभोवती गुंडाळला आणि फळीवर ठेवला. कुणाचा ते ठाऊक असून दुसऱ्यांदा त्याच चाकूला त्यांनी धार नाकारली होती.

असे आठ दिवस गेले. चाकू रोज आला. दोघांचे ते आठ दिवस बरे गेले, हे लपवण्यात अर्थ नाही. काकू जेवू लागल्या. काका एकदा चक्क शीळ घालताना सापडले आणि ओशाळले. फक्त मुठीवरचे व्रण रोज खोल होत होते. नवव्या सकाळी मूठ वरच्या बाजूला तडकलेली होती, इतका जोर लावून ती कुणीतरी चावली होती.

त्या दुपारी काका बाहेर गेले असताना काकू हात धुवायला कुंडीवर वाकल्या. काका परतले तेव्हा त्या जमिनीवर बसलेल्या होत्या, कान कुंडीला टेकलेला, ओला हात तोंडावर दाबलेला.

खस्, खस्, खस्, खस्, खस्, खस्. आता तो थांबत नव्हता. तीनचा हिशेब सुटला होता.

"हे तुम्हाला रोज ऐकू येत होतं?" काकूंनी विचारलं.

"हो."

"आणि तुम्ही मला बोथट ठेवू दिलात?"

त्या बराच वेळ रडल्या. मग तोंड पुसून त्यांनी चाकू काकांच्या हातात दिला.

"लावा," त्या म्हणाल्या. "नीट लावा."

५

यंत्राचं चाक त्या दिवशी काकांनी चालूच केलं नाही. सर्वांत बारीक दगड काढला आणि हाताने लावायला बसले. मऊ पातं दगडावर हळुवार टेकवलं तर झिजत नाही, नुसतं ऐकत जातं. हे पहिल्या दिवशीच करायला हवं होतं, असं त्यांना वाटत राहिलं. पहिल्या दिवशी म्हणजे कुठल्या, तेही त्यांना पक्कं माहीत होतं.

पातं आता काडीएवढं अरुंद उरलं होतं. एकच धार निघणार होती. तीन ओढी, थांबणं, बोटाने बघणं. बिजागरीचा खिळा सैल झाला होता तो त्यांनी ठोकून घट्ट केला. तडकलेल्या मुठीवर पातळ तार आवळली. चार तास त्यांनी मान वर केली नाही. किल्लीवाला दोनदा डोकावून गेला.

धार बघायला रद्दी पुढे ओढली, पण मन होईना. त्यांनी खण उघडून मुलाची जुनी चिठ्ठी काढली. ती हवेत धरली आणि चाकू टेकवला. ओढावा लागलाच नाही. आवाज न होता एक पट्टी सुटून खाली आली. तिच्यावर 'ओळखीचं आहे' एवढेच शब्द होते. ती पात्याभोवती गुंडाळून त्यांनी चाकू फळीवर एकटा ठेवला.

काकू घरी गेल्या होत्या. दोर तुटला की पोर भिजलेलं घरीच येणार, असं त्यांच्या मनाने घेतलं होतं. कोरडे कपडे काढायचे होते, टॉवेल काढायचा होता. काकांनी त्यांना अडवलं नाही. त्यांनाही तेच वाटत होतं.

दुकानातला दिवा न लावता ते खिडकीच्या आत स्टुलावर बसले. बाहेर संध्याकाळ होत आली होती, कामावरून परतणारी माणसं फळीसमोरून जात होती. मग थोडा वेळ रस्ता रिकामा झाला.

काचेपलीकडे फळीवर एक हात आला.

पांढरा, फुगलेला, बोटांची टोकं दिवसभर कपडे धुतल्यासारखी सुरकुतलेली. हाताने पट्टी उलगडली, जपून मुठीत धरली. मग अंगठा पात्यावर आडवा फिरला, जसा काकांचा फिरायचा, नेमका तसाच, आणि क्षणभर थांबला. काकांनी बोलायचे शब्द तयार ठेवले होते. चुकलं रे माझं, एवढेच. ते तोंडातून बाहेर येईनात. हात चाकू घेऊन वर गेला, आणि काचेच्या कडेला चाकूच्या मुठीवर मिटणारे दात दिसले. पुढचा अर्धा होता.

मग फळीवर पाण्याचा डाग तेवढा राहिला.

काका धडपडत कुंडीपाशी गेले. खस्, खस्, खस्. शांतता. खस्, खस्, खस्. शांतता. आवाज आता पूर्वीसारखा कोरडा नव्हता, मऊ होता, पातं आत जात होतं. काकांचा उजवा हात त्याच्याबरोबर नकळत हलू लागला. खस्, खस्.

तिसरी ओढ आलीच नाही. पाणी एकदा काठापर्यंत उचललं गेलं आणि खाली बसलं.

काका चपला न घालता घराकडे धावले.

६

दार उघडं होतं. काकू उंबरठ्याच्या आत खुर्ची टाकून बसल्या होत्या, मांडीवर टॉवेल, बाजूला घडी केलेला शर्ट. दोघांनी रात्र तशीच काढली. रस्त्यावर पाऊल वाजलं की काकू अर्ध्या उठत आणि परत बसत. उजाडलं तेव्हा काका म्हणाले, "मी बघून येतो."

पेटीत त्या दिवशी चाकू नव्हता. तळाशी निळ्या दोराचा वीतभर तुकडा होता आणि त्याच्याभोवती चिठ्ठीची पट्टी गुंडाळलेली होती. शाई पसरली होती, तरी अक्षर लागत होतं.

काकांनी तुकड्याचं टोक दिव्याखाली धरलं. कुणी काय कशाने कापलं हे त्यांना सांगावं लागत नसे. कडेचे तंतू पिंजलेले होते, कित्येक महिने बोथट पात्याने घासलेले. त्याच्या आत थोडा भाग चाकावरच्या धारेने कापलेला, घाईचा. आणि उरलेला, अर्ध्याहून जास्त, एकसारखा गुळगुळीत. गिऱ्हाइकाने कापून दाखवलं होतं. पावती दिली होती.

तेव्हा कुठे काकांना ते कळलं. दोर होता तोवर पोर एका जागी होतं. पेटीपर्यंत येत होतं, फळीपर्यंत येत होतं, कारण त्याचं काम अडलं होतं. आता पाय मोकळा झाला होता. नदी तर रात्रंदिवस वाहते. ते कुंडीवर वाकले. पाण्यात त्यांच्याच श्वासाचा आवाज होता.

त्यांनी स्टूल बाहेर नेलं, वर चढून पाटी उतरवली आणि भिंतीकडे तोंड करून ठेवली. किल्लीवाला आपलं दुकान उघडत होता. त्याने पाटीकडे बघितलं, काकांच्या हातातल्या दोराकडे बघितलं, आणि चेष्टा केली नाही. "मी बसतो तुमच्या दुकानात," तो म्हणाला. "तुम्ही घरी जा."

घरी काकू तशाच बसल्या होत्या. काकांना एकटं येताना बघून त्या उठल्या नाहीत. काकांनी दोराचा तुकडा त्यांच्या मांडीवर टॉवेलवर ठेवला. काकूंनी त्याच्या गुळगुळीत टोकावरून बोट फिरवलं, पुन्हा पुन्हा, जसं एखाद्याच्या केसांवरून फिरवावं.

"आता नाही ना येणार?"

"नाही."

काकूंनी टॉवेलची घडी दोरावर मिटली. उन्हं घरात आली होती आणि दार लावायचं दोघांनाही सुचत नव्हतं.

"धार चांगली लागली होती ना पण?" त्यांनी विचारलं.

"हो," काका म्हणाले. "चांगली लागली होती."